‘मासिक घ्याल का?’ हा प्रश्न आधी खोडा

प्रश्न थोडक्यात असा: पत्रकारितेचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केलेल्या तिघांना मराठी पॉप संगीताचं नवं मासिक काढायचं आहे. रॅप, कोळीगीतं, अहिराणी गाणी, हळदीची गाणी, यूट्यूबवर स्वतःच्या बळावर पुढे आलेले गायक, हे सगळं त्यात यावं अशी कल्पना आहे. त्यांनी ऑनलाइन फॉर्म फिरवला, ४०० जणांनी तो भरला. बहुतेकांनी ‘असं मासिक आलं तर नक्की घेऊ’ असं कळवलं. ६० ते ८० रुपये किंमत चालेल, मुलाखती आणि परीक्षणं आवडतील, असंही लिहिलं. आता एवढ्यावर छापखान्याशी बोलणी करावीत का, की वाचकांचा आणखी अभ्यास करावा, आणि करायचा तर कसा?

छापखान्याशी बोलणी आत्ता नकोत. मी बावीस वर्षं नियतकालिकांसाठी वाचकांचा अभ्यास करते आहे. साप्ताहिकं, मुलांची मासिकं, दिवाळी अंक, पुरवण्या, सगळं हाताखालून गेलं आहे. त्यावरून सांगते, तुमच्या ४०० उत्तरांतून खात्रीनं एकच गोष्ट कळते: तुमच्या ओळखीच्या माणसांना तुमचं कौतुक आहे. तेही लागतंच, पण छपाईचा निर्णय त्यावर घ्यायचा नसतो.

आधी आकड्याबद्दल बोलू. ४०० माणसं कमी नाहीत. अंदाज किती चुकू शकतो ते काढायचा एक ढोबळ हिशोब आहे: एक भागिले माणसांच्या संख्येचं वर्गमूळ. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे चूक साधारण ५ टक्के इकडे किंवा तिकडे. पण हा हिशोब चिठ्ठ्या टाकून माणसं निवडली असतील तरच लागू होतो. तुमचा फॉर्म गेला वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तिथून त्यांच्या मित्रांकडे. त्यामुळे पुणे, ठाणे, नाशिक शहर भरपूर, आणि धुळे, नंदुरबार, परभणी जवळपास नाहीतच. अहिराणी गाण्यांचं पान करायचं आणि खानदेशातल्या माणसाला विचारायचंच नाही, हे कसं चालेल? शिवाय ४०० जणांचे वय, जिल्हा, मुलगा-मुलगी असे आठ भाग पाडलेत की प्रत्येकात ५० उरतात, आणि ५० माणसांवर तीच चूक १४ टक्क्यांपर्यंत जाते. मग ‘मुलींना परीक्षणं जास्त आवडतात’ असलं वाक्य अहवालात लिहायला आधार राहत नाही.

आपल्याकडच्या रेडिओच्या इतिहासात याचं फार बोलकं उदाहरण आहे. १९५२ पासून अमीन सायानी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ करत होते, तो काळ फर्माइशींचा. फर्माइशीच्या कार्यक्रमांत झुमरी तलैया हे नाव इतक्या वेळा यायचं की कित्येकांना ते गाव काल्पनिक वाटायचं. ते खरंखुरं गाव आहे, आजच्या झारखंडातल्या कोडरमा जिल्ह्यात, अभ्रकाच्या खाणींच्या मुलखात. तिथल्या हौशी श्रोत्यांत पत्रं पाठवायची चढाओढ असायची. पत्रं मोजून देशाची आवड ठरवली असती तर त्यात त्या एका गावाचं वजन केवढं झालं असतं! पत्र लिहिणारा काय किंवा फॉर्म भरणारा काय, तो नेहमी सगळ्यांत उत्साही माणूस असतो. त्याला जपा, उद्या तोच तुमचा पहिला वर्गणीदार होईल. बाकीच्यांचा अंदाज मात्र त्याच्यावरून बांधू नका.

दुसरी अडचण प्रश्नाचीच आहे, आणि माझ्या मते ती जास्त मोठी. ‘घ्याल का?’ असं विचारलं की आपला माणूस नाही म्हणत नाही. ‘या एकदा घरी’ म्हटलं की ‘येऊ की’ म्हणतो, तसंच ते. तो खोटं बोलत नसतो, समोरच्याचं मन राखत असतो. आणि पुढचं विचारलं की माणूस त्याला जसं व्हायचंय तसं बोलतो: मी मुलाखती वाचेन, परीक्षणं वाचेन. म्हणून प्रश्नावलीतून भविष्यकाळ काढून टाका. झालेलं विचारा, आणि तेही अलीकडचं. शेवटचं गाणं कोणाला पाठवलंत, कशावरून? गेल्या महिन्यात गाण्यापायी पैसे कुठे गेले: रिचार्ज, इअरफोन, कार्यक्रमाचं तिकीट, ढोलकीची शाई? गाण्याचे शब्द शेवटचे कधी शोधलेत, आणि सापडले का? छापलेलं काही पैसे देऊन शेवटचं कधी घेतलंत? या शेवटच्या प्रश्नावर बरेचदा समोरचा गप्प होतो. ते गप्प होणं लिहून ठेवा, तेही उत्तर आहे.

सांगितलेलं आणि केलेलं यांत किती अंतर असतं याचा मोठा पुरावा अमेरिकेत मिळाला. ‘बिलबोर्ड’ हे संगीत-व्यवसायाचं साप्ताहिक अल्बमांच्या खपाची यादी दुकानदारांना विचारून बनवायचं. दुकानदार आठवणीतून, अंदाजानं, कधी स्वतःच्या आवडीनं क्रम सांगायचे. २५ मे १९९१ च्या अंकापासून अल्बमांची यादी बारकोडवर नोंदल्या गेलेल्या प्रत्यक्ष विक्रीवर बनू लागली आणि काही आठवड्यांत चित्र पालटलं. रॅप आणि कंट्री संगीताला आधी खालच्या जागा मिळायच्या, ते वर आलं. जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. हा कॅलिफोर्नियाचा रॅप गट पहिल्या क्रमांकावर पोचला. श्रोते तेच होते, बदलली ती मोजायची पद्धत. आपल्याकडे हळदीची गाणी, भीमगीतं, अहिराणी गाणी यांचं अगदी हेच होतं. मांडवात, मिरवणुकीत, टमटममध्ये ती सतत वाजत असतात, पण ‘तुमची आवडती गाणी लिहा’ म्हटलं की कागदावर येत नाहीत. काय लिहिलं तर बरं दिसेल, हा विचार लिहिणाऱ्याच्या मनात आधी येतो.

मी हे स्वतः जवळून पाहिलं आहे. वीस वर्षांपूर्वी तरुणांच्या एका मासिकासाठी आम्ही गटचर्चा घेतल्या. पुण्यात एका हॉलमध्ये आठ-आठ जणांचे गट, चहा-बिस्किटं, टेबलावर टेपरेकॉर्डर. मुलं म्हणाली, करिअरची माहिती हवी, गंभीर लेख हवेत, गाण्यांचं चांगलं विश्लेषण हवं. अंक तसाच निघाला. मधोमध एका गायकाचं पोस्टर होतं, ते केवळ एका जाहिरातदाराच्या आग्रहामुळे. तिसऱ्या अंकानंतर न खपलेल्या अंकांचे परतीचे गठ्ठे बघायला मी गोदामात गेले. सुतळी सोडून एकेक अंक उलगडला. मुखपृष्ठ करकरीत, कोपरे ताठ, पानं चाळल्याची खूणही नाही. पण मधल्या पानावर पिना उचकटलेल्या आणि पोस्टर गायब. पुढचा अंक तसाच, त्याच्या पुढचाही. स्टॉलवर उभ्या उभ्या कोणीतरी अंक मधोमध उघडून तेवढं पोस्टर सोडवून नेलं होतं, आणि ज्या विश्लेषणासाठी आम्ही एवढा खटाटोप केला ते तिथेच ठेवलं होतं. सहा गटचर्चांत जे कळलं नव्हतं ते त्या गोदामात कळलं. सातव्या अंकानंतर ते मासिक थांबलं आणि मनापासून काम करणाऱ्या मुला-मुलींच्या नोकऱ्या गेल्या. तुमच्या बाबतीत ते होऊ नये असं मला फार वाटतं, म्हणून एवढं लांबवून सांगते आहे.

मग बघायचं काय? माणूस गाण्याचं काय करतो, ते बघा. ऐकणं फोनवर होतं, त्याला कागद लागत नाही. कागद लागतो तो गाणं वापरणाऱ्याला. उरणजवळच्या एका गावात हळदीत गाणाऱ्या एका मुलाची वही मी पाहिली. दोनशे पानी, वर प्लास्टिकचं कव्हर, पहिल्या दोन पानांवर हातानं केलेली अनुक्रमणिका. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर पट्टी, म्हणजे कोणत्या स्वरातून गायचं ते, लिहिलेली: काळी दोन, पांढरी चार. कडेला खुणा: ‘इथे बेंजो’, ‘दुसरं कडवं सोडायचं’, ‘नवरीचं नाव घालणे’. फोनवर गाणं थांबवत थांबवत त्यानं शब्द उतरवले होते, आणि जिथे नीट ऐकू आलं नाही तिथे टिंबं दिली होती. एका गाण्यात अशी टिंबं तीन ठिकाणी होती, आणि दोन हंगाम तो ते गाणं तसंच निभावून नेत होता. त्याच्या पार्टीतल्या दोघांनी त्या वहीची झेरॉक्स काढून घेतली होती. म्हणजे मराठी पॉप संगीताबद्दलचं काहीतरी, कागदावर, पैसे खर्चून घेणारी माणसं मला तिथे भेटली. त्यांना फॉर्मवर ‘संगीतविषयक मासिक वाचता का?’ असं विचारलं असतं तर तिघांनीही ‘नाही’ लिहिलं असतं.

ब्रिटनमध्ये निक लोगन यांनी १९७८ मध्ये ‘स्मॅश हिट्स’ हे पॉप संगीताचं नियतकालिक काढलं, त्याचा कणा हाच होता: चालू गाण्यांचे पूर्ण शब्द आणि रंगीत फोटो. लोगन त्याआधी ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या वजनदार साप्ताहिकाचे संपादक होते, तेव्हा समीक्षा त्यांना काही नवी नव्हती. तरी नवा अंक त्यांनी काढला तो आरशासमोर उभं राहून गाणाऱ्या वयासाठी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा खप दहा लाखांवर पोचला होता. २००६ मध्ये ते बंद पडलं, तोवर शब्द आणि फोटो दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळू लागले होते. हा शेवटही ध्यानात ठेवा. फोनवर जे चांगलं मिळतं ते छापून हाती काही लागणार नाही. पण आगरी, कोळी, अहिराणी बोलीतल्या नव्या गाण्यांचे अचूक शब्द, पट्टी आणि कॉर्ड शोधून बघा. मी शोधले आहेत. जे मिळतं त्यात चुकाच जास्त असतात.

इथेच कायद्याची एक गोष्ट सांगते. गीताचे शब्द १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृती म्हणून धरले जातात आणि गीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत त्यावर हक्क चालतो. छापायचे तर लेखी परवानगी हवी, आणि हक्क गीतकाराकडे आहे की कंपनीकडे हे गाण्यागणिक तपासायला हवं. यूट्यूबवर स्वतःची गाणी स्वतः टाकणाऱ्या बऱ्याच कलाकारांकडे हक्क स्वतःचेच असतात. परवानगीसाठी कराल त्या फोनलाही संशोधनच समजा. आपलं गाणं कोण गातं, कार्यक्रमांच्या सुपाऱ्या कोणत्या तालुक्यांतून येतात, हे त्या कलाकाराइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

वाचकांचे गट पाडताना परदेशी पाठ्यपुस्तकांतले ए, बी, सी-वन, सी-टू हे वर्ग उचलू नका. ती ब्रिटनची पद्धत आहे, घरातल्या मुख्य कमावत्याच्या कामावर बेतलेली. आपल्याकडे २०११ मध्ये घरांचे वर्ग पाडायची एनसीसीएस ही पद्धत आली: मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ठरवलेल्या ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत, यावरून १२ वर्ग. त्या ११ मध्ये पंखा, गॅस, दुचाकी, फ्रिज आहेत, तशी शेतजमीनही आहे. जाहिरातदार हा वर्ग विचारतोच, म्हणून प्रश्नावलीच्या शेवटी त्याची सोय करा. अंक कसा असावा हे मात्र त्यातून कळणार नाही. एकाच घरातले दोन भाऊ एकाच वर्गात मोडतात, आणि त्यातला एक रात्री जागून रॅप लिहितो तर दुसरा फक्त गाडीवर ऐकतो.

मी गट पाडते ते कामावरून: गाणारे-वाजवणारे, गाणी बनवणारे, नाच बसवणारे, आणि नुसते ऐकणारे. शेवटचा गट सगळ्यांत मोठा आणि मासिकासाठी सगळ्यांत कच्चा. तुमचा फॉर्म जवळजवळ पूर्ण त्यांनीच भरलेला दिसतो.

‘बसवणारे’ तुमच्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हते, आणि मला तेच फार महत्त्वाचे वाटतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंना चौथीच्या मुलींचा नाच बसवायचा असतो. गाणं नवं हवं, मुलींना जमेल असं हवं, शब्द सरपंचांसमोर आणि पालकांसमोर चालतील असे हवेत, आणि तीन-साडेतीन मिनिटांत आटपायला हवं. या बाई नोव्हेंबरात रात्रीची जेवणं उरकली की फोन घेऊन बसतात आणि तासन्तास गाणी धुंडाळतात. अशा सात-आठ जणींशी मी बोलले आहे. प्रत्येकीनं आपली यादी काढून दाखवली, वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली, गेल्या वर्षीच्या गाण्यांवर फुली मारलेली. घेतलेला अंक या बाई जपून ठेवतील, शेजारच्या शाळेला देतील, पुढच्या वर्षी पुन्हा काढतील. त्यांच्यासाठी दोन पानं असावीत की नसावीत, हे ठरवण्याआधी निदान पाच शाळांत जाऊन या.

आणि हे बोलणं निघालं की गाण्याचं पंचांग आपोआप हाती येतं. एप्रिलमध्ये जयंतीची गाणी, मग मे महिन्यापर्यंत लग्नसराई आणि हळदी, श्रावणात दहीहंडी, भाद्रपदात गणपती, मग नवरात्र, मग गॅदरिंग. जूनमध्ये वाजवणारी पोरं मोकळी असतात आणि खिसेही रिकामे असतात. ‘मासिक’ हा शब्द तुम्ही आधीच धरून बसला आहात, तोही तपासा. वर्षाला पाच अंक, हंगामाच्या तीन आठवडे आधी, असं काही तुमच्या भेटींतून पुढे आलं तर मला नवल वाटणार नाही.

भेटी कशा घ्यायच्या? पहिल्या टप्प्यात ३० पुरेत: पाच जिल्हे, प्रत्येकी सहा माणसं. रायगड, जळगाव, नांदेड, कोल्हापूर आणि मुंबईतला एखादा भाग घ्या. जमलं तर गोव्यात फोंडा किंवा पेडण्याकडे एक फेरी मारा, तिथे मराठी गाण्याचा कान पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. दोघांनी जा, एकानं बोलायचं आणि एकानं लिहायचं. हॉलमध्ये बोलावू नका, त्यांच्या जागी जा: तालमीला, स्टुडिओत, साऊंडवाल्याच्या गोदामात, शाळेच्या स्टाफरूममध्ये. बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. ‘कडक’, ‘वाजतंय’, ‘पब्लिक उठतं’ याचं ‘लोकप्रिय’ करू नका, कारण उद्या मुखपृष्ठावर तेच शब्द लागणार आहेत. नोंदी त्याच रात्री पूर्ण करा. सकाळपर्यंत माणसाचा आवाज निघून जातो आणि आपलं मत तेवढं उरतं.

फोनवरची शेवटची दहा गाणी दाखवता का, असं जरूर विचारा, पण फोन त्यांच्याच हातात राहू द्या. यात मला एकदा एका मुलीनं डोळे उघडायला लावले. नगर जिल्ह्यातलं घर, घरात एकच स्मार्टफोन. हिस्टरीत आजोबांचं कीर्तन, धाकट्याची कार्टून, आईच्या पाककृती, आणि गाणी जवळजवळ नाहीतच. मी विचारलं, तू ऐकत नाहीस का? ती म्हणाली, ‘ऐकते ना, पण मग डिलीट करते.’ भाऊ बघतो म्हणून. ही मुलगी कंपन्यांच्या आकडेवारीत नसते, तुमच्या फॉर्ममध्ये नव्हती, आणि पुस्तकात लपवून वाचता येईल अशा छापील अंकाची खरी गरज कदाचित तिलाच आहे. मुलींशी बोलायला तुमच्यातल्या मुलीनं जावं आणि घरातल्या मोठ्या बाईच्या देखत परवानगी घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुला-मुलींची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते, म्हणून त्यांची नावं आणि नंबर फॉर्ममध्ये घेऊच नका. वय, तालुका आणि उत्तरं एवढंच पुरे.

यूट्यूबच्या व्ह्यूजवर फार विसंबू नका, जाहिरातीचे पैसे टाकून ते वाढवता येतात. कमेंट वाचा. लोक तिथे गावाचं नाव घालून हजेरी लावतात, आमच्या लग्नात वाजलं म्हणून सांगतात, शब्द विचारतात. एका गाण्याखालच्या पहिल्या तीनशे कमेंट घ्या आणि वहीत तीन रकाने पाडा: गावांची नावं, कुठे वाजलं, काय मागितलं. तिघांनी दहा-दहा गाणी केलीत तर आठवड्याभराचं काम आहे, आणि पैसा लागत नाही.

आता विक्री. एसटी स्टँडवरच्या एका पेपर स्टॉलवर दोन संध्याकाळी बसून या. विक्रेत्याला आधी भेटा, चहा घ्या, कशासाठी बसताय ते सांगा. हात कुठे जातो, अंक उलटा करून किंमत कोण बघतो, किती सेकंदांत खाली ठेवतो, हे टिपा. विक्रेत्याला विचारा की परत न जाणारा अंक कोणता. त्याचं कमिशन किती, परतीचे अंक कोणाच्या खर्चानं जातात, नव्या अंकाला दर्शनी जागा किती दिवस मिळते, हे त्याच्या तोंडूनच कळतं. बऱ्याच गावांत स्टॉल उरलेलाच नाही हेही दिसेल. तिथे वाद्यांचं दुकान, झेरॉक्सवाला, डेकोरेशनवाला यांच्याकडे अंक ठेवता येईल का, ते विचारा. वाद्यांचं दुकान, साऊंड भाड्यानं देणारे, रेकॉर्डिंग स्टुडिओ, क्लास घेणारे हे तुमचे जाहिरातदारही आहेत, तेव्हा त्यांचे प्रश्न वेगळे काढा: शेवटची जाहिरात कुठे दिलीत, किती पैसे दिलेत, गिऱ्हाईक आलं का.

खप आणि वाचकसंख्या यांत गल्लत करू नका. १९४८ मध्ये स्थापन झालेली एबीसी ही संस्था विकलेल्या प्रती तपासते. आयआरएस हे वाचकसंख्येचं सर्वेक्षण २०१९ पर्यंत माणसांना अंकांची नावं दाखवून कोणी काय वाचलं ते विचारायचं. सलूनमधला एक अंक पन्नास जण चाळतात, पैसे मात्र एकाच प्रतीचे येतात. हळदीतली ती वही आठवा: वही एक, झेरॉक्स दोन, गाणारे सात-आठ. जाहिरातदाराला सात-आठ सांगायचे आणि छपाईचा हिशोब एकावर करायचा.

एवढं झालं की मगच पुन्हा फॉर्मकडे या. आता त्यातला प्रत्येक प्रश्न भेटींतून आलेला असेल. जिल्हे आणि गट आधी ठरवा, प्रत्येक गटात १०० माणसं झाल्याशिवाय थांबू नका, म्हणजे प्रत्येक गटाच्या अंदाजात चूक १० टक्क्यांच्या आसपास राहील. माणसं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतील, तेव्हा तो आकडाही दिशेपुरताच धरा. किमतीसाठी डच अर्थतज्ज्ञ पीटर वॅन वेस्टेनडॉर्प यांनी १९७६ मध्ये सुचवलेले चार प्रश्न मला अजूनही उपयोगी पडतात. नमुना अंक हातात द्यायचा आणि विचारायचं: किती रुपयांना हा इतका स्वस्त वाटेल की दर्जाची शंका येईल? कितीला परवडणारा वाटेल? कितीला महाग, पण घ्यावा की न घ्यावा असं होईल? आणि कितीच्या पुढे घेणारच नाही? चारही उत्तरांच्या रेषा एका आलेखावर काढल्या की किमतीचा पट्टा दिसतो. अंक हातात न देता विचारलंत तर ६० ते ८० असंच काहीतरी येत राहील, कारण माणूस तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी अंकाची किंमत सांगत असतो.

नमुना अंकासाठी मोठा खर्च करू नका. ‘केरँग’ हे ब्रिटनमधलं हेवी मेटलचं प्रसिद्ध नियतकालिक जून १९८१ मध्ये ‘साउंड्स’ या साप्ताहिकाची एक पुरवणी म्हणून निघालं होतं. मागणी आली म्हणून ते स्वतंत्र झालं. आपल्याकडे अशा पुरवणीला दिवाळी अंकासारखी दुसरी जागा नाही. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली ही प्रथा आहे, आणि वर्षभर काही न घेणारं घरही तेव्हा अंक घेतं. तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या दिवाळी अंकाच्या संपादकांना १६ पानांची पुरवणी द्या, संपूर्ण तयार करून. मधल्या दोन पानांवर शब्द आणि पट्टीसह चार गाणी, परवानगी घेतलेली. शाळांसाठी एक पान. एक मोठी मुलाखत, कारण तुम्हाला ती लिहायची आहे आणि ती चांगली होईल याची मला खात्री आहे. शेवटच्या पानावर एक नंबर छापा: पुढची चार गाणी हवी असतील तर २० रुपये पाठवा, घरपोच देऊ. आवडलं का, असं कुठेही विचारू नका. किती जण २० रुपये पाठवतात, कुठल्या तालुक्यातून पाठवतात, आणि पाठवताना सोबत काय लिहितात, ते बघा.

त्याच वेळी आणखी एक काम सुरू करा, कारण त्यातून संशोधन आणि मजकूर दोन्ही निघतील. १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’नं ब्रिटनची रेकॉर्डच्या विक्रीवर आधारलेली पहिली गाण्यांची यादी छापली. जाहिरात विभागातले पर्सी डिकिन्स यांनी सुमारे वीस रेकॉर्ड दुकानांना फोन करून जास्त खपलेल्या गाण्यांची नावं विचारली होती, बस एवढंच. ती यादी अंकाचं आकर्षण ठरली. तुम्ही वीस साऊंडवाल्यांचे आणि बेंजो पार्ट्यांचे नंबर जमवा, सगळ्या विभागांतले. दर आठवड्याला विचारा: गेल्या कार्यक्रमात पब्लिक कोणत्या गाण्याला उठलं, कोणतं दोनदा वाजवावं लागलं, कोणतं मागितलं पण तुमच्याकडे नव्हतं? तारीख, गाव, प्रसंग आणि गाणं अशी नोंद ठेवा. तीन महिन्यांत तुमच्याकडे मराठी गाण्यांची अशी यादी होईल जी आज कोणाकडे नाही, आणि तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून पुढच्या अंकात कोणत्या गाण्यांचे शब्द छापायचे तेही कळेल.

हे फोन रविवारी सकाळी करू नका. शनिवारची हळद पहाटेपर्यंत वाजवून माणसं तेव्हा झोपलेली असतात. सोमवारी दुपारी करा. सामान उतरवून झालेलं असतं, हिशोब चाललेला असतो, आणि आदल्या दोन रात्रींचं सगळं ताजं असतं.